डाउट म्हणजे शंका, सस्पेक्ट म्हणजेही शंका. मग घोळ कुठे झाला?

पत्र: मी एका कंपनीत अहवाल तपासण्याचं काम करतो. परदेशातल्या एका सहकारी बाईंनी मसुदा पाठवला होता. त्यातल्या तिसऱ्या तक्त्याची बेरीज मला जुळत नव्हती. घाईत होतो, म्हणून एकच ओळ लिहिली: 'आय डाउट देअर इज अ मिस्टेक इन टेबल थ्री.' त्यांचं उत्तर आलं, 'थँक्स, दॅट्स अ रिलीफ.' आणि अहवाल तसाच पुढे गेला. चूक बाहेर आली तेव्हा त्या म्हणाल्या, चूक नाही असं तुम्हीच तर कळवलंत! मी शब्दकोश उघडला. डाउट: शंका घेणे, संशय घेणे. सस्पेक्ट: संशय घेणे, शंका येणे. मग माझं चुकलं काय? त्यात साहेबांनी भर घातली की 'आय हॅव अ डाउट' हेही चूक, ते आधी बंद करा. आता प्रत्येक वाक्य लिहिताना धास्ती वाटते. त्या बाईंना काय लिहावं तेही सुचत नाही. आणि मुलगी विचारते, डाउटमधला 'बी' उच्चारायचा नाही तर लिहायचा कशाला? जमलं तर तेही सांगा.

उत्तर: तुमचं वाक्य त्या बाईंनी असं वाचलं: 'तिसऱ्या तक्त्यात चूक असेल असं मला वाटत नाही.' तुम्हाला म्हणायचं होतं: 'तिसऱ्या तक्त्यात चूक असावी.' क्रियापद एकच, पण सगळं वाक्य पालथं झालं. त्यांनी वाचलं ते बरोबरच वाचलं, एवढं आधी मान्य करून टाका. रागवायचंच असेल तर शब्दकोशावर रागवा. त्याने दोन्ही शब्दांपुढे तीच 'शंका' आणि तोच 'संशय' मांडून ठेवले आणि हात झटकले.

मीही यात पोळलेलो आहे. कॉलेजात होतो तेव्हा शेजारच्या काकूंकडे त्यांच्या मुलाच्या मित्राचं पत्र आलं. मुलगा दूर नोकरीला, आणि त्याचा खोकला बरेच दिवस हटत नव्हता. पत्र इंग्रजीत होतं आणि इंग्रजी येणारा म्हणून बोलावणं मला आलं. एका ओळीत होतं, 'द डॉक्टर डाउट्स इट इज टीबी.' मी रुबाबात वाचून दाखवलं, 'डॉक्टरांना टीबीची शंका आहे.' काकू मटकन खाली बसल्या. घरात रात्रभर कोणाचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन लागला तेव्हा मुलगा म्हणाला, 'अगं, टीबी नाही असंच म्हणाले डॉक्टर, पत्रात लिहिलं होतं की!' मी ते पत्र पुन्हा घेऊन बसलो. चार वेळा वाचलं आणि चारही वेळा मला त्यात टीबीच दिसला. इतकी ती 'शंका' डोळ्यांवर बसली होती.

तर फरक असा. दोन्ही शब्दांत पुरावा हातात नसतो, खात्री नसते, इथवर त्यांचं जमतं. पण मनाचा काटा कुठे झुकलाय ते दोघं उलटं सांगतात. डाउट म्हणणाऱ्याचा काटा 'नाही'कडे झुकलेला असतो, सस्पेक्ट म्हणणाऱ्याचा 'हो'कडे. कपाटाची किल्ली हरवली आहे असं समजा. 'आय डाउट ही टुक द की' म्हणणारा माणूस त्या बिचाऱ्याच्या बाजूने उभा आहे: छे, तो नाही घेणार. 'आय सस्पेक्ट ही टुक द की' म्हणणाऱ्याची नजर त्याच्या खिशाकडे गेलेली आहे. पहिलं वाक्य वकिलाचं, दुसरं पोलिसाचं.

वकील-पोलिसांवरून आठवलं, कोर्टाच्या बातम्यांची मराठी एकदा या नजरेने वाचून बघा. पकडलेला माणूस 'संशयित' असतो. खटला चालतो, पुरावा अपुरा पडतो आणि त्याच माणसाला 'संशयाचा फायदा' मिळून तो सुटतो. पहिला संशय त्याला आत घालतो, दुसरा बाहेर काढतो. पहिला सस्पेक्टचा आहे: यानेच केलं असावं. दुसरा डाउटचा: यानेच केलं याबद्दल खात्री वाटत नाही. आपण दोघांना एकच नाव दिलंय आणि तरी कधी अडलं नाही, कारण आजूबाजूचे शब्द सांभाळून घेतात. तुमच्या एका ओळीच्या निरोपात सांभाळून घेणारं कोणी नव्हतं.

मग मराठी माणूस झुकाव दाखवतच नाही का? दाखवतो, पण 'शंका' या शब्दात दाखवत नाही, तिच्या आगेमागे दाखवतो. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणून बघा: 'तो येईल का याची शंका आहे.' 'तो येणार अशी शंका आहे.' पहिल्यात तो बहुधा येत नाही. दुसऱ्यात तो बहुधा येतोय, आणि येऊ नये असं बोलणाऱ्याला वाटतंय. शंका तीच, पण 'का याची' म्हटलं की डाउट होतो आणि 'अशी' म्हटलं की सस्पेक्ट. आपल्या भाषेने हा भेद इतक्या बारीक शेपटात ठेवलाय की बोलताना तो आपल्याला जाणवतही नाही. आणि भाषांतर करताना आपण नेमका तो ठसठशीत 'शंका' शब्द उचलतो आणि शेपूट मागेच राहतं.

म्हणून माझा सल्ला असा की इंग्रजी वाक्य जुळवताना 'शंका' आणि 'संशय' दोन्ही डोक्यातून काढून टाका. तीच गोष्ट 'असावं' वापरून म्हणता येते का ते बघा. चूक असावी, पाऊस येणार असं दिसतंय, त्याला माहीत असावं: इथे सस्पेक्ट. 'असेल असं वाटत नाही' असं मनात आलं तर डाउट. 'असावं' हे मराठीचं फार सोयीचं रूप आहे. अंदाजही सांगतं आणि जबाबदारीही अर्धीच घेतं. सस्पेक्टचा इतका नेमका जोडीदार मला दुसरा सापडलेला नाही. म्हणींचीही मदत होते. 'कुठंतरी पाणी मुरतंय' किंवा 'मनात पाल चुकचुकली' म्हणावंसं वाटलं तर डाउटकडे हात नेऊ नका.

तुम्ही सस्पेक्ट का टाळला असेल याचा मला अंदाज आहे. आपण तो शब्द शिकतो तो गुन्ह्याच्या बातम्यांतून. त्यामुळे सहकाऱ्याच्या कामाबद्दल सस्पेक्ट लिहिणं म्हणजे त्याच्यावर आळ घेणं वाटतं, आणि डाउट त्यामानाने सौम्य, सभ्य वाटतो. प्रत्यक्षात 'आय सस्पेक्ट देअर इज अ मिस्टेक' हे अगदी मवाळ वाक्य आहे: कदाचित चूक असावी, एकदा बघता का? 'आय सस्पेक्ट यू आर राइट' म्हणजे तर 'तुमचंच बरोबर असावं', त्यात गुन्हा शोधूनही सापडणार नाही. सस्पेक्ट बोचरा होतो तो त्याच्यापुढे थेट माणूस आला की. 'आय सस्पेक्ट हर ऑफ हायडिंग द फिगर्स' म्हणजे बाईंनी आकडे लपवले असा सरळ आरोप. एरवी भीती नको. डाउटपुढे थेट माणूस आला तर वेगळंच होतं. 'आय डाउट हिम' म्हणजे त्याने काही केलं असं नव्हे, तर त्याच्या शब्दावर किंवा कुवतीवर माझा भरवसा नाही.

शब्दांची मुळंही याला धरून आहेत. डाउट लॅटिनच्या 'दुबितारे'वरून, फ्रेंचमधून फिरून आला, आणि त्याच्या पोटात 'दुओ' म्हणजे दोन आहे. आपल्या द्विधा मनःस्थितीत 'द्वि' आहे तसाच. जर्मनमध्येही शंकेला 'त्स्वाइफेल' म्हणतात आणि दोनला 'त्स्वाय'. म्हणजे मूळ चित्र दोन वाटांच्या फाट्यावर खोळंबलेल्या माणसाचं. सस्पेक्टचं चित्र निराळं. 'सुब' म्हणजे खालून आणि 'स्पेकेरे' म्हणजे पाहणे. भुवयांखालून, तिरप्या नजरेने निरखणारा माणूस. हे 'स्पेक' आपल्या संस्कृत 'पश्यति'च्या कुळातलं आहे, आणि हेराला संस्कृतात 'स्पश' म्हणतात तोही याच घरातला. इंग्रजीतला स्पायही तिथलाच. सस्पेक्ट करणाऱ्याला काहीतरी दिसलेलं असतं. तुम्हाला न जुळणारी बेरीज दिसली होती.

फक्त एक गोष्ट या व्युत्पत्तीवर विसंबून ठरवू नका. नाम म्हणून डाउट अजूनही फाट्यावरच उभा आहे. 'द रिझल्ट इज इन डाउट' म्हणजे निकाल अधांतरी, कुठल्याही बाजूला जाऊ शकतो. क्रियापद झाला की मात्र तो फाटा सोडून 'नाही'च्या वाटेने चार पावलं चालून गेलेला असतो. पुढे 'दॅट' लावा, 'इफ' लावा, 'व्हेदर' लावा, झुकाव तोच राहतो.

आता तुम्हाला थोडं बरं वाटेल असं काही सांगतो. तुमचं वाक्य चारशे वर्षांपूर्वी चाललं असतं. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाला भीतीचाही अर्थ होता आणि तो इंग्रजीत बरोबर आला. शेक्सपिअरचा हॅम्लेट वडिलांचं भूत दिसल्याचं ऐकतो तेव्हा डाउट हाच शब्द वापरून म्हणतो की काहीतरी काळंबेरं असावं. तिथे डाउट म्हणजे चक्क सस्पेक्ट. त्याच नाटकात त्याने ऑफिलियाला लिहिलेल्या चार ओळी आहेत. तारे अग्नीचे आहेत यावर विश्वास ठेवू नकोस, सूर्य फिरतो यावर ठेवू नकोस, असं तो सांगतो, तेव्हा डाउटचा अर्थ आजचा. पण लगेच पुढे सत्यच खोटारडं असावं असा संशय घे म्हणतो, तेव्हा अर्थ जुना. शब्द तोच, आणि एका ओळीत त्याने कोलांटी मारलेली. स्कॉटलंडमध्ये आजही 'आय डाउट इट विल रेन' म्हणणारी माणसं भेटतात आणि त्यांचा अर्थ असतो, पाऊस येणार असं दिसतंय. लंडनचा माणूस हे ऐकून छत्री घरी ठेवेल आणि भिजेल. फ्रेंचांनी हा गुंता आपल्या परीने सोडवला. 'दुते' म्हणजे वाटत नाही, आणि तेच क्रियापद स्वतःकडे वळवून 'स दुते' केलं की अंदाज आहे, असणारच. आपली 'शंका' मात्र अजून जुन्या डाउटसारखी आहे. संस्कृत 'शङ्क्' धातूत भीती, अविश्वास, अंदाज सगळं एकत्र नांदतं, म्हणून तर 'आशंका' म्हटलं की पोटात गोळा येतो.

थोडं सटरफटर, पण रोज अडणारं. 'आय डोन्ट डाउट' म्हणजे दोन नकारांचा होकार: मला ते मान्य आहे. 'नो डाउट' शब्दशः 'निःसंशय' दिसतो पण बोलण्यात तो बराच पातळ झालाय. 'नो डाउट ही इज बिझी' म्हणजे 'असेल बाबा कामात', आणि कधी कधी त्यात बारीक टोमणाही असतो. खरोखर निःसंशय म्हणायचं तर 'विदाउट डाउट' किंवा 'अनडाउटेडली'. सस्पेक्टवरून आलेला सस्पिशस दुतोंडी आहे. संशय घेणारा तोही सस्पिशस आणि ज्याचा संशय यावा तोही. आपल्याकडे संशयी आणि संशयास्पद असे दोन स्वतंत्र शब्द आहेत, इथे मराठी वरचढ ठरते. पुढे 'ऑफ' दिसला की तो संशयी, एवढं लक्षात ठेवलं तर सहसा फसत नाही. आणि उत्तरादाखल 'आय सस्पेक्ट सो' चालतं, 'आय डाउट सो' चालत नाही, तिथे 'आय डाउट इट' म्हणावं लागतं.

'आय हॅव अ डाउट'बद्दल साहेब अर्धे बरोबर आहेत. वर्गात हात वर करून 'सर, शंका आहे' म्हणायची आपली रीत, आणि मागच्या बाकावरून 'लघु की दीर्घ?' असं कोणीतरी खिंकाळायची त्याहून जुनी रीत. त्या शंकेचा अर्थ प्रश्न. तीच इंग्रजीत गेली आणि आपल्याकडच्या इंग्रजीत पक्की बसली. 'डाउट क्लिअर करणे' तर आता मराठीच झालंय. आपणच असं करतो असंही नाही. स्पॅनिश बोलणारेही प्रश्न विचारायचा असला की 'तेंगो उना दुदा', माझी एक शंका आहे, असंच म्हणतात. त्यामुळे ज्यांना ही बोली कळते त्यांच्यात खुशाल म्हणा, त्यासाठी मान खाली घालायचं कारण नाही. पण बाहेरच्या माणसाच्या कानाला त्यातून अविश्वास ऐकू येतो. त्याने तासभर समजावून सांगितलेलं असतं आणि तुम्ही म्हणता, मला शंका आहे. त्याला वाटतं, याला माझं पटलेलं नाही. 'आय हॅव माय डाउट्स' म्हटलंत तर विचारायलाच नको, ते सरळसरळ 'मला काही हे खरं वाटत नाही' असं होतं. त्यापेक्षा 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणा. समजलं नसेल तर 'आय एम नॉट क्लिअर अबाउट धिस'. आणि खरंच पटलं नसेल तेव्हा डाउट राखून ठेवा, तेव्हा तो उपयोगी पडेल.

त्या बाईंना काय लिहायचं? आधी काय लिहू नये ते सांगतो. आमच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे, हे पुराण पहिल्याच ओळीत लावू नका. त्यांच्या नावावर चुकीचा अहवाल गेलाय, त्यांना या घडीला तुमच्या भाषेत रस असणार नाही. दोन ओळी पुरे: 'आय यूज्ड द राँग वर्ड. आय मेन्ट दॅट आय सस्पेक्टेड अ मिस्टेक इन टेबल थ्री; आय अंडरस्टँड व्हाय यू रेड इट द अदर वे. आय अॅम सॉरी.' त्याखाली बेरीज कुठे जुळत नाही ती ओळ आणि दुरुस्त आकडा द्या. पुढे कधी निवांत गप्पा झाल्या तर माझी काकूंची गोष्ट सांगायला हरकत नाही.

यापुढे तपासणीच्या निरोपात मी तुमच्या जागी असतो तर ही दोन्ही क्रियापदं बाजूलाच ठेवली असती. 'द टोटल इन टेबल थ्री डझ नॉट मॅच. प्लीज चेक.' बेरीज जुळत नाही ही शंका नव्हतीच, ती तुम्ही मोजून पाहिलेली गोष्ट होती. भिडेपोटी तिला शंकेचं पांघरूण घातलंत आणि तेच उलटं पडलं. आपण फार वेळा असं करतो, मीसुद्धा.

राहिला मुलीचा 'बी'. तिचा मुद्दा बिनतोड आहे. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा या शब्दात 'बी' नव्हताच. लोक 'दूत'सारखं काहीतरी म्हणत आणि तसंच लिहीत. पुढे लॅटिनच्या प्रेमात पडलेल्या पंडितांना वाटलं की मूळ 'दुबितारे'त 'बी' आहे तर तो दिसायला हवा, आणि त्यांनी तो स्पेलिंगमध्ये घुसवला. 'डेट' म्हणजे कर्ज आणि 'सटल' म्हणजे सूक्ष्म, या शब्दांतही 'बी' असाच मागच्या दाराने आला. लोकांच्या जिभेने तिन्ही वेळा दाद दिली नाही. शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात, जे १५९८मध्ये छापलं गेलं, एक शाळामास्तर आहे. लोक डाउट आणि डेटमधला 'बी' गिळतात म्हणून तो तळमळत असतो आणि प्रेक्षक त्याला हसतात. मुलीला सांगा, 'ड्यूबिअस' हा डाउटचाच सख्खा भाऊ. तो लॅटिनमधून परस्पर आला, म्हणून त्याचा 'बी' मोठ्याने बोलतो. डाउटचा गप्प राहतो. परीक्षेत मात्र तो लिहावाच लागेल, तिथे माझाही इलाज नाही.